तुमच्या टेबलावरून उचललेली खुर्ची

डॅडी, मी राजीनामा दिला. नोकरीचा नाही, तुमच्या धर्माचा. तुम्ही म्हणाल, धर्म सोडायला कागद कशाला लागतो, माणूस जायचा थांबतो आणि झालं. मलाही इतकी वर्षं तसंच वाटत होतं. पण तुमच्या मॉर्मन पंथाच्या ख्रिस्ती मंडळीत एकदा नाव लागलं की ते आपण होऊन गळून पडत नाही. लेखी सांगावं लागतं, की मला तुमच्यात धरू नका, माझा बाप्तिस्मा माझ्या अंगावरून उतरवा. मी सांगितलं. परवा त्यांचं उत्तर आलं, मोजक्या ओळींचं आणि सभ्य. आता त्यांच्या लेखी मी कोणी नाही. तुमच्या लेखी काय झालं, ते तर तुम्हीच मला लहानपणी शिकवलं होतं: विश्वासात राहतात त्यांचं कुटुंब मेल्यानंतरही एकत्र, आणि जो आपल्या पायांनी बाहेर पडतो त्याची जागा रिकामी. मला ती जागा रिकामीच करायची होती. रागाच्या भरात नाही. शांतपणे, ठरवून, तुम्ही जे केलंत ते जसं ठरवून केलंत तसं.

तुम्ही धर्म बदलल्याचं मम्मीला चहाच्या कपावरून कळलं होतं, मॉर्मनांना चहा वर्ज्य. अबू धाबीच्या खलिफा सिटीतल्या त्या व्हिलाच्या मागच्या दोन खोल्या, स्वयंपाकघराची खिडकी मालकाच्या खजुराकडे उघडणारी. तुम्ही काकांकडे कॅनडाला लांबलचक सुट्टी घालवून परत आला आहात, बॅग अजून दारातच आहे. मम्मी आलं घातलेला चहा गाळते, तुमच्यापुढे ठेवते, आणि तुम्ही दोन बोटांनी बशी मागे सारता, हॉटेलात पाहुण्याची उष्टी प्लेट सारतात तशी.

"पोट बिघडलंय का?" मम्मी विचारते.

"मी चहा सोडला."

"डॉक्टरने सांगितलं?"

"देवाने."

मम्मी हसली. तुम्हीही हसाल असं मला वाटलं. तुम्ही हसला नाहीत, तेव्हा तिने पदराला हात पुसले आणि म्हणाली, "असला कुठला देव हो चहा सोडायला सांगणारा? आपल्या देवाने तर पहिला चमत्कारच वाईनचा केला." मग तुमचा कप उचलून तिनेच पिऊन टाकला. त्या दिवसापासून ती रोज दोन कप चहा प्यायली, एक स्वतःचा आणि एक तुमचा. तुमच्यासमोर बसून, फुर्र आवाज करत. वसईच्या बाईला धर्मशास्त्र शिकवायला निघालेल्या माणसाला एवढं उत्तर पुरे होतं.

तिने तुम्हाला अडवलं मात्र नाही. त्या काळी आखातात आपला रविवार शुक्रवारीच यायचा, सगळ्या ख्रिस्ती लोकांची उपासना सुट्टीच्या दिवशी. शुक्रवारी सकाळी मम्मी वसईच्या बायकांबरोबर टॅक्सीत दाटीवाटीने बसून कॅथलिक चर्चमध्ये मिस्साला जायची, आणि तुम्ही मला कोरोला गाडीत घालून तुमच्या मंडळीच्या सभेला न्यायचात. मला पांढरे कपडे घालून पाण्यात पूर्ण बुडवलंत, तेव्हा ती टॉवेल घेऊन कडेला उभी होती. नंतर कोणीतरी हळहळलं तर म्हणाली, "पाण्यात बुडवून पोर विरघळत नाही गं. आधी फादरने डोक्यावर ओतलं, आता बापाने बुडवलं. होईल स्वच्छ." तुम्ही तिला दर महिन्या-दोन महिन्यांनी विचारायचात, आता तरी येतेस का. ती म्हणायची, "खलास, विषय संपला," आणि भाकरी उलटायची. आणि तुम्ही पुन्हा विचारायचात. तुम्हाला वाटायचं ती टाळते आहे. ती उत्तर देत होती.

एक स्पष्ट करते, नाहीतर तुम्ही माझ्या बोलण्यातून पळवाट काढाल. माझं भांडण तुमच्या मंडळीशी नाही. ती भली माणसं होती. मम्मी आजारी पडली तेव्हा त्यांनी आळीपाळीने जेवणाचे डबे आणले, आणि ती त्यांच्यातली नाही हे माहीत असूनही आणले. त्यांच्यातल्या एका फिलिपिनो बाईने तिचे केस धुतले. माझं भांडण एका माणसाशी आहे, आणि तो माणूस अबू धाबीच्या एका हॉटेलात बँक्वेट मॅनेजर होता.

तुमचं ते काम मला फार आवडायचं. शाळेला सुट्टी असली की तुम्ही मला घेऊन जायचात, पार्टीच्या आधीच्या दुपारी, हॉल रिकामा असताना. गोल टेबलं, पांढरी कापडं, प्रत्येक खुर्चीपुढे नावाचं कार्ड. तुम्ही हातात नकाशा घेऊन फिरायचात आणि कार्डं इकडची तिकडे करायचात. हा या माणसाशेजारी बसला तर भांडण होईल, ही बाई त्या बाईशी बोलत नाही, मध्ये एक बडबड्या घाला. कोणी आलं नाही की वेटरला डोळ्याने खुणवायचात. तो येऊन खुर्ची गुपचूप उचलून न्यायचा, दुसरा उरलेल्या खुर्च्या सरकवायचा, आणि पाहुण्यांना कळायचंही नाही की इथे कोणी येणार होतं. "खुर्ची रिकामी दिसली की पार्टी पडते," तुम्ही म्हणायचात. तुमचा स्वर्ग मला कायम तसाच वाटत आला आहे. मोठा हॉल, आपल्या घराण्याचं एक गोल टेबल, आणि तुम्ही ब्लेझर घालून कार्डं लावता आहात.

त्याच हॉलमध्ये तुम्ही मला बोलायला शिकवलंत. मंडळीत लहान मुलांनाही उभं राहून भाषण करावं लागायचं, आणि माझी पाळी आली होती. तुम्ही मला स्टेजवर चढवलंत, माईक बंद ठेवलात, आणि स्वतः पार मागच्या दारापाशी जाऊन उभे राहिलात.

"ऐकू येत नाही!"

मी ओरडले.

"ओरडू नकोस. मागच्या माणसाला सांग. पुढच्याला आपोआप कळतं."

मी पुन्हा म्हटलं. तुम्ही कानाला हात लावून उभे. दुपार गेली. शेवटी तुम्ही स्टेजपाशी आलात आणि म्हणालात, "शेवटचं वाक्य टाकलं की मागे सरायचं. टाळ्यांची वाट बघत उभी राहिलीस तर मेलीस." मी आज अल ऐनला युनिव्हर्सिटीत पोरांना बोलायला शिकवते, मराठी मंडळाच्या स्टेजवर उभी राहिले की मागची रांगसुद्धा मोबाईल खाली ठेवते, आणि सगळं याच दोन वाक्यांवर चालतं. हत्यार तुमचंच आहे. म्हणून तर नेम चुकत नाही.

आता त्या दिवसाकडे येते. मम्मी हॉस्पिटलातून घरी आली होती, परत जायचं आहे हे तिलाही ठाऊक होतं. ती स्वयंपाकघरातच खुर्ची टाकून बसायची, चव गेली होती तरी चहाचा कप हातात धरून. तुमच्या धर्मातली ती रीत तिने मंडळीच्याच कुठल्या बाईकडून ऐकली होती: जो त्यांचा बाप्तिस्मा न घेता मेला, त्याच्या नावाने जिवंत माणूस पाण्यात उतरतो, आणि मेलेल्याला बाप्तिस्मा मिळतो. दूर परदेशातल्या टेंपलमध्ये, त्यांच्या खास मंदिरात, हे होतं, आणि नुकत्याच गेलेल्या माणसासाठी जवळच्या नातेवाईकाची परवानगी लागते. तिचे जवळचे नातेवाईक तुम्ही.

"अहो," ती म्हणाली, "एक सांगून ठेवते. मी मेल्यावर मला भिजवायचं नाही."

तुम्ही भाजी चिरत होता. "काय बोलतेस हे?"

"मराठीत बोलते. आयुष्यभर नाही म्हटलं, मेल्यावर हो म्हटलं असं कोणाला सांगायचं नाही. मी तिकडे माझ्या आईबापाकडे जाणार. तुमच्या हॉटेलात माझं बुकिंग करू नका."

मी हसले. तुम्हीही हसलात. मग तिने तुमचा हात धरला, चिरलेल्या कांद्याने ओला झालेला, आणि म्हणाली, "बोला ना. हो म्हणा."

"बरं," तुम्ही म्हणालात.

"पोरीसमोर म्हणा."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि पुन्हा म्हणालात, "बरं. नाही भिजवणार."

तिला वसईला तिच्या आईबापाशेजारी पुरलं. वर्ष सरलं आणि तुम्ही रजा काढून एकटेच कुठेतरी जाऊन आलात. मी विचारलं तर म्हणालात, मन शांत करायला. मग महिन्याचा पहिला शुक्रवार आला. त्या दिवशी मंडळी उपास करते आणि माईक सगळ्यांना खुला असतो, ज्याला वाटेल त्याने उठून आपली साक्ष द्यावी. मी तेव्हा नुकतीच नोकरीला लागले होते, तिसऱ्या रांगेत बसले होते. तुम्ही उठलात, इस्त्रीच्या ब्लेझरमध्ये, आणि शांत आवाजात सांगितलंत, की तुमच्या बायकोच्या नावाने तिथल्या मंडळीतली एक बहीण पाण्यात उतरली. तुम्ही कडेला उभे होता. आणि त्या क्षणी तुम्हाला जाणवलं, की तिने स्वीकार केला आहे. लोक डोळे पुसत होते. तुम्ही शेवटचं वाक्य टाकून मागे सरलात, टाळ्यांसाठी थांबला नाहीत. मी उठून बाहेर उन्हात गेले. थोड्या वेळाने तुम्ही आलात.

"लोक बघत होते. अशी कशी उठून गेलीस?"

"ती नाही म्हणाली होती."

"ते इथलं बोलणं. तिथे तिला खरं दिसलंय."

"तुम्ही शब्द दिला होता. माझ्यासमोर दिला होता."

तुम्ही गाडीच्या टपावर हात ठेवला होतात, चटका बसून उचललात. आणि म्हणालात, "आजारी माणसाला कोणी नाही म्हणतं का?"

डॅडी, माणसाला ठार मारण्याचे बरेच प्रकार मी पुस्तकांतून वाचले आहेत. इतका सभ्य प्रकार कुठे वाचला नाही. एका बाईची आयुष्यभराची कमाई एवढी एकच, एक नकार. तिने तो तुमच्यापासून जपला, तुमच्या पगारातून आलेलं अन्न खाऊन जपला, तुमच्याबरोबर संसार करून जपला, हसून जपला, म्हणजे तुम्हाला लागू नये. ती गेली, आणि तुम्ही तिच्या उशीखालून तो काढून घेतलात, त्यावर होकाराची सही केलीत, आणि वर माईकवरून वाचून दाखवलात. तिचं कार्ड तुम्ही तुमच्या शेजारच्या खुर्चीपुढे लावलंत, कारण खुर्ची रिकामी दिसली असती.

त्यानंतर मी सभेला गेले नाही. तुम्ही आणखी काही वर्षं जगलात. आपण बोलत होतो, एसीचं, व्हिसाचं, तुमच्या रक्तदाबाचं. मग एका सकाळी तुम्ही गेलात, आणि मंडळीने तुम्हाला शहराबाहेरच्या ख्रिस्ती दफनभूमीत, इथल्या वाळूत ठेवलं. मला रडू आलं नाही याची मला लाज वाटली नव्हती, आजही वाटत नाही. मी बोलत सुटले. नवऱ्यांवर बोलले, सासऱ्यांवर बोलले, दुसऱ्याचं भलं परस्पर ठरवून टाकणाऱ्या सज्जनांवर बोलले. भाषणात ज्या ज्या माणसाला मी झोडपलं, त्याच्या अंगावर तुमचा ब्लेझर होता. लोक टाळ्या वाजवायचे. कोणाला कळलं नाही की मी सगळीकडे एकच भाषण करते आहे.

कळलं ते तुमच्या नातीला. तुम्ही तिला पाहिलं नाही, अकरा वर्षांची आहे, मराठी समजते पण उत्तर इंग्रजीतच येतं. यंदाच्या महिला दिनाला मराठी मंडळात मी बाईच्या नकारावर बोलले. हॉल उभा राहिला. अबू धाबीहून अल ऐनला परतताना गाडीत ती मागच्या सीटवरून म्हणाली, "ममा, कॅन आय आस्क समथिंग?"

"विचार."

"यू आर स्टिल अ मॉर्मन, राइट? लाइक, ऑफिशियली?"

"मी कित्येक वर्षांत गेलेले नाही."

"बट डिड यू टेल देम नो?"

मी आरशात बघून लेन बदलली.

"सो टेक्निकली यू नेव्हर सेड इट," ती म्हणाली आणि कानात परत इअरफोन घातले.

ज्या बाईने आयुष्यात एक 'नाही' नीट उच्चारलं तिची मी मुलगी, आणि मी गप्प बसण्यालाच नकार समजत आले होते. घरी पोचताच मी लिहायला बसले. तुम्हाला वाटेल लांबलचक भाषण लिहिलं असेल. नाही. मागच्या माणसाला ऐकू जाईल एवढंच लिहिलं.

काही दिवसांनी तुमच्या मंडळीच्या बिशपचा फोन आला. पगार न घेता मंडळी सांभाळणारे ते, तुम्ही शेवटी शेवटी ज्यांना मदत करायचात तेच. केरळचे आहेत, हिंदीतून बोलतात. "सिस्टर, एक बार मिल सकते हैं? कोई प्रेशर नहीं. बस, कन्फर्म करना है कि आप ही ने लिखा है." अल ऐनपर्यंत गाडी चालवत आले, एका कॅफेत भेटलो. मी मुद्दाम करक चहा मागवला, कडक, वेलदोड्याचा. त्यांनी लेमन-मिंट घेतलं आणि माझ्या कपाकडे बघितलंसुद्धा नाही. ज्याच्यावर सूड उगवायचा त्या माणसाने एवढं सभ्य असू नये असं मला वाटलं. मी त्यांना सगळं सांगितलं, मम्मीचं, शब्दाचं, माईकचं.

"आपके डॅडी ने मुझे ये कभी नहीं बताया," ते म्हणाले. "कि मम्मी ने मना किया था."

"बताते तो?"

"तो मैं उनको बोलता, ब्रदर, रुक जाओ." मग म्हणाले, "और एक बात, सिस्टर. हम लोग मानते हैं कि वो सिर्फ ऑफर होता है. जो चला गया, वो हां भी बोल सकता है, ना भी. किसने क्या बोला, ये इधर किसी को पता नहीं चलता. ये अनाउन्स करने की बात ही नहीं थी."

ऐकलंत? तुमच्याच धर्माचं बोलणं आहे हे, माझं नाही. मेलेल्यालाही नाही म्हणता येतं. म्हणजे तुम्ही तिचं नाव पाण्यात नेलंत आणि तिने, मला तिचा आवाज ऐकू येतो आहे, "खलास, विषय संपला" म्हटलं आणि आपल्या आईबापाकडे निघून गेली. आणि तुम्ही तिथे ब्लेझर घालून दारात उभे आहात. शेजारची खुर्ची तिने रिकामी ठेवली, समोरची आता मी उचलून नेली. वेटरला खुणवा. सरकवा खुर्च्या. दोन माणसांच्या जागा किती सरकवून झाकणार, तेही टेबलावर एकटे असताना? पार्टी पडली, डॅडी.

"आर यू शुअर?" बिशपनी निघताना विचारलं, आणि मी "हो" म्हटलं. मराठीतच म्हटलं.

इथे मी थांबायला हवं होतं. शेवटचं वाक्य टाकून मागे सरायला हवं होतं. पण उत्तर आलं त्या दिवशी मी वसईला मावशीला फोन केला. मम्मीच्या धाकट्या बहिणीला, जिने तुम्हाला कधी माफ केलं नाही आणि दर नाताळात तुमच्या वाटणीचे तळलेले गोडसर फुगे मात्र आठवणीने पाठवले. म्हटलं, येत्या रविवारी मम्मीची मिस्सा आहे, त्यात डॅडींचं नावही द्यायचं आहे. आत्म्याच्या शांतीसाठी, मोठ्याने वाचायचं, अख्ख्या गावासमोर.

"काय गं, इतक्या वर्षांनी बापाचा कळवळा आला?"

"कळवळा नाही. सूड. ते सोडून गेले होते ना मिस्सा? आता ऐका म्हणावं पडल्या पडल्या. तिला विचारलं नाही, त्यांनाही विचारणार नाही."

"अगं बाई, सुडाची मिस्सा फादर घेत नाहीत," मावशी म्हणाली. "मी शांतीचीच सांगते, तू मनात काय धरायचं ते धर. पण हे तर त्याने केलं तेच झालं की."

"हो. तेच."

मला हे कळत नाही असं समजू नका. मेलेल्या माणसाला न विचारता त्याच्यावर आपला विधी लादायचा, हे मी कुठल्याही व्यासपीठावरून फाडून काढलं असतं. पण तुम्हाला चालायला हवं. आणि नाही म्हणायचं असेल तर म्हणा, तुमच्याच शिकवणुकीप्रमाणे तुम्हाला तो हक्क आहे. असं नाही म्हणायची वेळ आली की कसं वाटतं हे एकदा तुम्हालाही कळू दे.

हे मी कुठे पाठवणार नाही. वाळूत पुरायला नेणार नाही, तुमच्या नातीला वाचून दाखवणार नाही. फक्त एक राहिलं. मावशीने विचारलं होतं, मिस्सात नावं ओळीने वाचतात, तुझ्या बापाचं कुठे घालू, आईच्या लगेच पुढे? मी म्हटलं, अजिबात नाही, मध्ये गावातली चार नावं जाऊ दे, दूर बसवा त्यांना. मावशीला पटलं. फोन ठेवला, भांडी घासली, मुलीला क्लासला सोडून आले, आणि पुन्हा फोन लावला. म्हटलं, चार नको. एकच घाल मध्ये, एखादा बडबड्या.